बावीस घरांची शेवटची फेरी

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

गडब, पेण
४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सरूस,
अनेक आशीर्वाद.

फोन मुद्दाम नाय केला. इथे भिंतींना कान हायेत. मुलं पुढे मारकुटी निघू नयेत म्हणून तीन वर्षांचा अभ्यास चाललाय ना, त्यात इथली बावीस घरं मी जोडली. कुणी दार उघडेना. घरातलं बाहेर जाणार नाय अशी मी एकवीरेची शपथ घेतली, तेव्हा बायका बोलत्या झाल्या.

परवा देवळातल्या बैठकीत अभ्यासवाल्या ऋतुजा मॅडमने सांगितलं, एक आई नवऱ्याचा मार खाते आणि राग मुलीवर काढते. नाव घेतलं नाय म्हणे! पण मिठागरावर जाणारी, एकुलती मुलगी असलेली, असं म्हणाली. गावात तशी काशीबाई एकटीच. आता सासू मुलीला तिच्याजवळ फिरकू देत नाय. नवऱ्याला कोण काय बोललं नाय, ते वेगळंच.

पंधरवड्याने शेवटची फेरी. बावीसही घरं मॅडमला चहा पाजतील आणि प्रत्येक प्रश्नाला देवाच्या कृपेने बरं आहे, एवढंच सांगतील. तिची तीन वर्षं पाण्यात!

माया पातळ करू नकोस.
तुझी वहिनी,
रंभा

वरसे, रोहा
९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. रंभावहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा राग दादाला विचारावा! पण वहिनी, इथे हाच अभ्यास चालू हाय. अभ्यासवाल्यांच्या सांगण्याने उमामा शेजारणीचा पोरगा चावायचा थांबला. मॅडमचा राग अभ्यासावर काढू नका; एकाचा राग दुसऱ्यावर काढायचा, हेच तर काशीबाईचं झालं. मॅडमलाच धरा.

लोभ आहेच, तो वाढवावा.
आपली,
सरू

गडब, पेण
२२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सरूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. मॅडमला निरोप धाडला की त्याच देवळात येऊन बसलात तरच दारं उघडतील. घरं गळाली तर अभ्यास बुडतो, म्हणून आली मुकाट.

काशीबाईने मॅडमचाच प्रश्नांचा छापील कागद तिला वाचून दाखवला. मुलावर हात उगारता का? राग नक्की कुणाचा असतो? सगळ्या बायका आणि ती सासू समोर. मॅडमने स्वतःच्या मुलाला न्हाणीघरात कोंडल्याचं कबूल केलं. मुलगी जाऊन काशीबाईच्या मांडीवर बसली, ती सासूने हटवली नाय.

नवव्या प्रश्नाला मॅडम रडली. बायका हळहळल्या, हौसा पाणी आणायला उठली. मी हौसाला खाली बसवलं आणि काशीबाईला म्हटलं, दहावा प्रश्न विचार.

आठवण ठेव गो.
तुझी वहिनी,
रंभा