खळ्याशेजारची जागा

मु. खुबीवाडी, ता. वाळवा, जि. सातारा
ता. ९ सप्टेंबर १९४६

जिवाभावाच्या बिराप्पास आकारामचा रामराम. धोंडुबाई वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. इकडं समदी खुशाल हाय. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतोय, पर तोंड झ्याक चालू हाय. तिकडं आटपाडीला पाऊस कसा हाय, मेंढ्यांना चारा हाय का, ते कळव.

नाथाजी मास्तर, पत्र तुमीच वाचून दावणार, म्हणून तुमालाबी रामराम. एक इनंती हाय. पुढं माझ्याबद्दल काय बी येऊ द्या, वाचताना आवाज बारीक करू नका.

तर गड्या, गाव माळावर हलवायचं नक्की झालं. तीन वर्सांमागं पुरानं निम्मी घरं न्हेली, तवापसनं अर्ज चालू व्हते. नकाशा काढायचं काम माझ्याकडं आलं, ते तुला ठावं हायच. फौजेत हवालदार झालो, सात वर्सं तळ आखले, मग एक गाव आखायला काय लागतंय, असा माझा ताठा.

आखलं की झोकात. घरं एका रांगेत, दुकानं अन् सुतार-लोहार लांब दुसऱ्या रांगेत, समदी खळी पश्चिमेला एका दोरीत. बायकांना बोलवून कागद दावला. आईनं लय येळ बघितला अन् म्हणाली, "छान हाय रं. पर चैत्रात वारं कुठनं येतं?"

मी म्हटलं, पश्चिमेकडनं.

"मग उपणायला लागलं की भुसकट कुणाच्या ताटात जायाचं?"

तेवढ्यात आमची बायकू सुरू झाली. "चूल ह्या टोकाला, खळं त्या टोकाला. भाकरी थापता थापता राखण कशी करायची? लोहाराच्या बायकूनं भाता मारायचा का पोराला पाजायचं? आमी काय पलटण हाय व्हय, शिट्टी झाली की पळायला?" जिथं राबायचं तिथंच ऱ्हायचं, असं त्येंचं म्हणणं. शेतकऱ्याचा पोर मी, अन् वारं इसरलो. मग रबर घेतलं अन् नव्यानं बसलो.

नवा कागद मारुतीच्या देवळात समद्या गावापुढं मांडायचा ठरला. नकाशावर सही करणारं साताऱ्याचं सायेबबी आलं व्हतं. कागद पसरतोय तवर बायकांतनं आमच्या बायकूनं इचारलं, "बिराप्पा भावजींच्या मेंढ्यांचा तळ कुठाय?"

इथं माझं पत्र अडतंय बघ. शाई संपली म्हणून दोनदा उठलो, खरं तर दौत भरलेली हाय.

वैशाखात तू इचारलंस तवा मी म्हटलं, तळ सायबानं काढून टाकला. तू सायबाला चार शिव्या दिल्यास. म्हणालास, ज्या गावात मेंढीला जागा न्हाई तिथं माझा पाय लागायचा न्हाई. अन् माझ्या रानात न बसताच कळप घेऊन गेलास.

सायबानं काढला न्हाई, बिराप्पा. मी काढला.

पयला कागद साताऱ्याला दावायला न्हेला, तवा सायबानं नुसतं इचारलं व्हतं, "गावाला लागून मेंढ्या?" इचारताना जरासा हसला. मला लाज वाटली. अंगावर फौजेचा कोट, अन् आपण गावंढळ दिसतोय असं वाटलं. मी म्हटलं, "चुकून पडलं सायेब," अन् त्येच्या देखत तुझा तळ पुसला, त्येच्या कडंची तुझ्या घराची जागाबी पुसली. मी लढाईवर मिसरात व्हतो तवा पाच हंगाम तू खतासाठी माझ्या रानात मेंढ्या बसवल्यास, बदल्यात माझ्या बायकूकडनं पायलीभर दाणा घेतला न्हाईस. त्या माणसाला मी पुसलं. वर तुझ्याशी खोटं बोललो.

अन् देवळात तेच पुन्ना बोललो. "सायबांनी काढलं." सायेब शेजारीच बसलेलं. ते हळूच म्हणालं, "हवालदार, मी फक्त विचारलं होतं. पुसलं तुम्ही."

बायकूनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. शेवटी म्हातारा तात्याबा खाकरला. "मेंढ्या बसल्या न्हाईत तर उसाला खत कोण घालणार? सायेब का आकाराम?" लोकं हसली, सायेबबी हसलं. मी उभा ऱ्हायलो अन् समद्यांपुढं कबूल झालो. घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या. वैशाखापसनं पयल्यांदाच पोटभर जेवलो.

आता खळी पूर्वेला गेली. त्येच्या कडंला मेंढ्यांचा तळ, ओढ्यावर जायाला त्येंची निराळी वाट. तळाला लागून तुझ्या नावावर घराची जागा, लोकर कातरायला फुडं मोठं अंगण. शाळा हाकेवर, म्हंजे तुझी पोरं पावसुळ्यात आटपाडीला परत न्हेलीच पायजेत असं न्हाई. वहिनीला हे दोनदा सांग. सायबाची सही झाली, आता कुणाला पुसता यायचं न्हाई.

नव्या गावात चौकातली, देवळासमोरची जागा माझी व्हती. ती मी कोष्ट्याला दिली अन् तुझ्या लगतची मागून घेतली. आई म्हणाली, मेंढ्यांचा वास येईल. मी म्हटलं, येऊ दे.

दसऱ्याला ज्येनं त्येनं आपल्या जागेची पहिली खुंटी ठोकायची हाय. कळप मागनं येऊ दे, तू एकटा पुढं ये. तुझी खुंटी मी ठोकणार न्हाई. तुझ्या जागेला एकदा माझा हात लागला तेवढा पुरे झाला.

तू आलास तर तुझा शेजारी,
आकाराम