तिचं कार्ड, एकशे बारावं पान

३ जून
ग्रंथपाल मॅडमनी यादी दिली. वारलेल्या सभासदांची कार्डं बंद करायची – अकरा नावं. दहा बंद केली. अकरावं बायकोचं. तिच्या नावावर एक कादंबरी आहे. मीच दर चौदा दिवसांनी मुदत वाढवतो, अकरा महिने झाले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर काउंटरवर त्याची बिनपाण्यानं केली असती!

९ जून
लेक आली. स्वयंपाकघरात एकच कप विसळलेला बघितला तिनं. मग माझ्या फोनवर ब्लॉग उघडून दिला. म्हणाली, आई जेवताना तुम्हाला गोष्टी सांगायची त्या लिहा, नाहीतर भिंतींशी बोलायला लागाल.
वहीशी खोटं कशाला बोलू – बत्तीस वर्षं ग्रंथालयात आहे, हमाल म्हणून शिरलो, आज देवघेव माझ्या हातात आहे. पण कादंबरी एकही वाचलेली नाही. पाठीवरून पुस्तक ओळखतो, पोटात काय आहे ते तिनं सांगितलं तेवढंच. ती वाचायची, मी ऐकायचो. कान तयार झाले ते असे.

१२ जून
दोन गोष्टी लिहिल्या. वाचक – एक. लेकीला कौतुकानं फोन केला. म्हणाली, "बाबा, तो एक तुम्हीच आहात."

१५ जून
वाचक दोन! पण दुसऱ्यानं चूक काढली. नावाड्याच्या गोष्टीखाली लिहिलंय – शेवट चुकला, नावाडी बुडतो.
म्हटलं, शहाणाच दिसतोय. माझा नावाडी घरी येतो, ओले कपडे वाळत घालतो आणि बायकोची बोलणी खातो. कपाटापाशी गेलो, शेवटचं पान उघडलं.
बुडतो.
दुसरी गोष्ट काढली. त्यातली आई परत येत नाही. तिसरी काढायचा धीर झाला नाही.

१६ जून
लेकीला विचारलं. तिला माहीत होतं! माझा भाऊ गेला त्या वर्षी एका गोष्टीत कुणी मेलं आणि मी भरल्या ताटावरून उठलो. मी विसरलो होतो. बायको तेव्हा लेकीला म्हणाली होती, "त्यांना पोटभर जेवू दे. गोष्टीचं मी बघते."
वीस वर्षं बघितलं.

१९ जून
काउंटरवर एक बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाजात अजून घंटा. नेमकी तीच कादंबरी हवी, जी बायकोच्या नावावर आहे. अकरा महिने कुणाकडे अडकलीय म्हणून विचारत होत्या. "असल्या वाचकाला बाकावर उभं करायला हवं."
म्हटलं, "उभाच आहे. समोर."
सगळं सांगितलं, ब्लॉगसकट. बाई चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, नावाडी बुडतो असं लिहिलं ते मीच. राहू द्या तुमच्याकडे, मला घाई नाही.
पण मागणी आली की मुदत वाढवता येत नाही. हा नियम नवीन लोकांना मीच शिकवतो.

२० जून
पुस्तक जमा केलं. एकशे बाराव्या पानावर तिची केसांची पिन होती, ती खिशात ठेवली. गोष्ट तिनं तिथवरच सांगितली होती – नवरा पहाटे निघालाय, बायको दारात वाट बघतेय, ताटं वाढून झाली आहेत. "उरलेलं उद्या," म्हणाली होती.
कार्ड बंद केलं. बाईंच्या कार्डावर नोंद केली, शिक्का मारला. तारीख तिरकी उमटली.
बाई म्हणाल्या, पुढचं वाचून सांगू का? नको म्हटलं.

२९ जून
नऊ दिवस गोष्टीतल्या त्या ताट वाढून झालेल्या बाईला दारात उभं ठेवलंय. बरं दिसत नाही.

१ जुलै
एकशे तेरापासून मीच लिहिलं. पहिल्यांदाच, पदरचं. नवरा येतो. उशिरा येतो, चिखलानं भरलेला, पण येतो. अन्न गार झालेलं असतं. ती कुरकुरत पुन्हा गरम करते. दोघं जेवतात. संपलं.
ब्लॉगवर टाकलं.

४ जुलै
बाई पुस्तक परत करायला आल्या. माझं लिहिलेलं वाचलं होतं. पुस्तक माझ्या हातात देत म्हणाल्या, "अगदी अस्साच आहे हो शेवट."
माझे कान तयार आहेत. हा आवाज मी वीस वर्षं ताटावर बसून ऐकलाय.
पुस्तक न उघडता कपाटात लावलं. घरी येऊन पोटभर जेवलो.