पट्टा नसलेलं घड्याळ

आई, काल पोलादपूरच्या शाळेच्या हॉलात मी भर सभेत आधी खो खो हसले आणि मग सगळ्यांसमोर रडले. दोन्हींचं कारण तूच होतीस, म्हणून तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर इतकं काही झालं, पण कधी लिहावंसं वाटलं नाही. आज मात्र सकाळचा चहा निवला तरी मी कागदावरून उठलेली नाही. तर ऐक. तुझी इंजिनियर मुलगी पुण्याची नोकरी सोडून बिरवाडीत एका गाळ्यात घड्याळं बनवते. "एवढं शिकून घड्याळजी झालीस होय गो?" असं तू म्हणाली असतीस, आणि मग घरोघर तेच कौतुकाने सांगत फिरली असतीस. मला ठाऊक आहे.

घड्याळ साधंच आहे. मधे काट्यांची गोल डबी आणि तिच्या कडेला खाचा. ज्याला जे हवं ते त्याने स्वतः बनवून त्या खाचेत बसवायचं: दिवा, शिट्टी, होकायंत्र, काहीही. आम्ही त्याला जोड म्हणतो. खाचेचं माप, आतल्या तारा, सगळी रेखाटनं आम्ही जगाला फुकट खुली करून टाकलीत. लाकडाचा बनवा, बांबूचा बनवा, प्लॅस्टिकचा छापून काढा, आम्हाला विचारूही नका. ही अक्कल मला कुठल्या कॉलेजात मिळाली नाही. ती तुझ्या डाव्या मनगटावर होती.

मला ते मनगट आत्ताही दिसतं. उपकेंद्रात नर्स म्हणून तू रुजू झालीस तेव्हा मामाने मुंबईहून घड्याळ पाठवलं, तेही पुरुषी, भलंमोठं. त्याचा पट्टा तुझ्या हातातून बांगडीसारखा गळून पडायचा. दुसरी कुणी असती तर दुकानात जाऊन पट्टा बदलला असता. तू त्याच दिवशी जुन्या पिशवीचा बंद कापलास, शिवलास आणि घड्याळ बांधून मोकळी झालीस. मग त्या बंदाला एकेक गोष्ट लटकायला लागली. सेफ्टी पिना, औषधांच्या कपाटाची किल्ली, चिठ्ठ्या अडकवायला रबर आणि एक घुंगरू. शिवथरकडच्या वाड्यांत तू लस टोचायला जायचीस तेव्हा ते घुंगरू बाळाच्या डोळ्यांसमोर हलवायचीस. बाळ आवाजाकडे बघतंय तोवर तुझं काम झालेलं. मग ते भोकाड पसरायचं ते वेगळं. पिनांचं तर विचारूच नको. गावात कुणाचा पदर सुटो, कुणाची चप्पल तुटो, सगळ्या बाया तुझ्याच मनगटाकडे धावायच्या.

आणि तो दसरा आठवतो का? अवजारांच्या पूजेत तुझं घड्याळ मांडायचं म्हणून मी पिना, किल्ली, घुंगरू सगळं काढलं आणि दंतमंजन लावून काच अशी चकाचक केली की बाबासुद्धा वा म्हणाले. दुसऱ्या दिवशी तू निघालीस. उपकेंद्रातली मदतनीस मावशी लशीचा डबा घेऊन दारात उभी आहे, आणि तू घड्याळ हातात धरून विचारतेस, "हे कुणाचं गो? माझं कुठाय?" मी म्हटलं, तुझंच आहे, बघ कसं नव्यासारखं दिसतंय. त्यावर तू जी कडाडलीस! "नव्यासारखं काय करायचंय मला? पूजा कालच्यापुरती. आज ते कामाला लागलं पाहिजे. लाव सगळं परत!" मी हुंदके देत एकेक पीन लावत होते आणि मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. हसू आवरेना तिला.

आता या वर्षीचं सांगते. पावसाळ्याआधी आम्ही पहिली घड्याळं ओळखीच्यांना वापरायला दिली. कशेडी घाटाखालचा पंक्चरवाला, बिरवाडीतला एक कारखान्यातला कामगार, महाडच्या शाळेतल्या एक बाई आणि तुझ्या उपकेंद्रातली ती मदतनीस मावशी. खाचा कशा वापरायच्या ते प्रत्येकाला समजावलं. मग वाट बघत बसले. गणपती गेले, दसरा गेला, एकानेही जोड बनवला नाही. पुण्याचा माझा भागीदार, माणूस सज्जन पण उतावळा, गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "लोकांना बनवायचं नसतं, वापरायचं असतं. दिवाळीपर्यंत बघू. नाही झालं तर खाचा बुजवायच्या, रेखाटनं काढून घ्यायची आणि सरळ बिनखाचांचं घड्याळ विकायचं." खाचा बुजवल्या तर उरतं काय? अशी घड्याळं बाजारात ढीगभर पडलीत. त्यासाठी मी कशाला परत यायला हवं होतं?

मी तणतणत स्कूटर काढली आणि एकेकाच्या दारी गेले. पंक्चरवाल्याच्या हातात घड्याळ होतं, पण काचेवरचा आणि कडेचा पारदर्शक कागद तसाच. खाचा त्याच्याखाली झाकलेल्या! मी म्हटलं, अहो, हा काढायचा असतो. तर तो म्हणतो, "काढला तर खराब नाय का होणार, ताई? नवीन वस्तू हाय." महाडच्या बाईंनी ते लग्नात घालायला म्हणून कपाटात जपून ठेवलेलं. कामगाराने रिमोटच्या जुन्या पिशवीत घालून वर दोरा गुंडाळलेला. आणि मावशी! मावशीने ते देवघरात ठेवलं होतं, दसऱ्याला त्याची पूजा केली होती, आणि खाचांमध्ये कुंकू इतकं ठासून बसलं होतं की जोड सोडच, टाचणीही आत गेली नसती. मी कपाळाला हात लावला. मावशी म्हणाली, "तुझ्या हातचं हाय ना गो ते. वापरलं नि मोडलं तर?" आपल्याकडे प्रेम असंच करतात, कागद न काढता.

परतताना वाटेत मला तो पिशवीचा बंद आठवला आणि मी एकटीच मोठ्याने ओरडले, "अगं बाई!" मामाचं घड्याळ तुला मापाचं मिळालं असतं तर तूसुद्धा ते जपलंच असतंस की! ते बसेना म्हणून तू त्याला कात्री लावलीस, आणि एकदा कात्री लागली तेव्हाच ते तुझं झालं. मी गाळ्यावर गेले, सगळी घड्याळं परत मागवली, कागद सोलले, कुंकू दातांच्या ब्रशने काढलं आणि प्रत्येकाचा पट्टा उतरवून घेतला. पट्ट्याविना घड्याळं परत पाठवली आणि सोबत निरोप दिला: पट्टा तुमचा तुम्ही करा. भागीदार फोनवर किंचाळला, "पट्ट्याशिवाय घड्याळ? तपकिरीची डबी म्हणून विकायची का?" मी म्हटलं, दिवाळीपर्यंत म्हणाला होतास ना, मग गप्प बस.

दिवाळी झाली आणि काल सगळ्यांना पोलादपुरात बोलावलं. कुणीच आलं नाही तर? आले आणि रिकाम्या हाताने आले तर? पहिला पंक्चरवाला आला, हाताला ट्यूबच्या रबराचा पट्टा, आणि खाचेत काय, तर लोहचुंबक! काम करताना नट त्याला चिकटवून ठेवतो म्हणे. भागीदाराचे डोळे पांढरे झाले. "अहो, चुंबकाने घड्याळ मागे पडेल!" पंक्चरवाला शांतपणे म्हणाला, "पडतं ना. रोज पडतं. पण नट एक हरवला नाय." तिथे मी जी हसत सुटले ती थांबेचना, आणि शेवटी भागीदारही हसायला लागला. मग महाडच्या बाई आल्या, खाचेत खडूचा तुकडा धरणारी चिमटी. कामगाराने बांबूची पट्टी तासून कारखान्याचा पास अडकवायची सोय केलेली. पंक्चरवाल्याचं बघून घाटाखालच्या आणखी दोघातिघांनी घड्याळ नसताना आमच्या खुल्या रेखाटनांवरून काय काय करून आणलं होतं, त्यातलं निम्मं मला कळलंच नाही. भागीदार एकेक जोड हातात घेऊन फोटो काढत होता, पोरासारखा.

आणि मग मागून आवाज आला. छुन छुन. आई, मी वळून बघितलं नाही. मला बघवेना. व्हरांड्यात तू आलीस असं वाटलं, लशीचा डबा, घामेजलेला चेहरा आणि सगळं. आली मावशी. मनगटावर घड्याळ, पट्टा निळ्या काठाचा. तुझ्या ड्यूटीच्या साडीचा काठ तो! तू गेल्यावर बाबांनी तुझी एक साडी तिला दिली होती. इतकी वर्षं तिने ती घडी मोडली नव्हती आणि आता कात्री लावली. खाचेत घुंगरू. मला म्हणते, "पणतूला टोचायला नेतात तवा हलवते. तिच्यासारखं जमत नाय गो, पण पोर बघतं." मी तिच्या गळ्यात पडले आणि हॉलभर लोक असताना ढसाढसा रडले. भागीदार जवळ आला आणि म्हणाला, "खाचा राहू देत. रेखाटनंही राहू देत." मग हळूच, "आणि पट्टे द्यायचेच नाहीत." गधडा कुठला! कल्पना जणू त्याचीच.

घरी आल्यावर मी कपाट उघडलं. मावशीला आणि सगळ्यांना घड्याळ वापरायला लावणारी मी, तुझं घड्याळ तू गेल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं. पिना, किल्ली, रबर, घुंगरू, सगळं जसंच्या तसं. हात लावला तर काही हलेल अशी भीती. काल गाठ सोडली. रबर हातात घेताच तुटलं, बाकी शाबूत आहे. चावी दिली आणि काय सांगू, पठ्ठ्या टकटक करायला लागला! आत्ता ते माझ्या हातावर आहे. पिशवी रिकामी झाली म्हणून हे कागद तिच्यात ठेवून देते.

आणि एक सांगायचं राहिलं, ओरडू नकोस. सकाळी ओढणीची शिवण उसवली, म्हणून तुझ्या बंदाची एक पीन मी काढून घेतली. ती मला लागतेय. परत लावणार नाही.