तात्यांनी बोट वर केलं

शनिवार, दिवेलागण

भवानीनगरहून आत्ताच आले. तात्यांना बघायला गेले होते. उगाच गेले का?

तात्या कॅसेट कंपनीचे साहेब. आधी इंदापूर-बारामतीच्या जत्रांतून गायक हेरत हिंडले, पुढं मुंबईत कंपनीच्या मोठ्या खुर्चीवर बसले. ते हो म्हणाले की तो आवाज गावोगाव वाजायचा. मी पळसदेवची, आईबरोबर बाजारात मासे विकताना गाणारी. मलाही त्यांनीच स्टुडिओत नेलं. तिथं काचेपलीकडं बसायचे. सूर हलला की नुसतं बोट वर! त्या बोटाला आम्ही सगळेच भ्यायचो.

आता ते माणसं ओळखत नाहीत. मलाही ओळखलं नाही. त्यांची सून म्हणाली, "मावशी, तुमचं पहिलं गाणं म्हणा की. आठवंल कदाचित."

म्हटलं. दुसऱ्याच ओळीला तात्यांनी बोट वर केलं.

"ह्यो आवाज चालायचा न्हाय. दुसरी बाई बोलवा."

सून ओशाळली. "मनावर घेऊ नका, मावशी. त्यांना काय कळतंय आता?"

पण ते बोट नेमकं तिथंच वर झालं, जिथं माझा आवाज फाटला. सुनेला कळलं नाही. कार्यक्रमांत टाळ्या वाजवणाऱ्यांनाही कळत नाही. मला कळत होतं का? बहुतेक होतं.

घरी येऊन सुपे गावच्या आयोजकांना फोन केला. उद्याच्या कार्यक्रमाला माझ्याऐवजी दुसरी गायिका बघा, म्हटलं.

"बरं," आयोजक म्हणाले. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही.