शलाका आणि म्हैस

रविवार, ८ जानेवारी २०१२

केदारने आज एका मुलीला धायरीच्या शेडमध्ये आणले. न विचारता! सहा वर्षे आम्ही दोघेच तिथे लढणारे रोबो बनवतो — बनवते मी, रिमोट धरतो तो — आणि तिसऱ्याची गरज मला कधीही भासलेली नाही.

नाव मैना. अकोल्याची. आयटीआय फिटर, भोसरीच्या एका प्लास्टिक कारखान्यात पाळीवर जाते. फेब्रुवारीच्या स्पर्धेत आमच्याच तीन किलो गटासाठी तिनेही रोबो केला आहे. त्याचे नाव म्हैस. का, तर — "मारलं तरी हालत नाई ना ताई, म्हनून."

तळाला भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा बोर्ड. मोटरी पुढे बोर्डाला खालून स्क्रूंनी धरलेल्या, मागे सायकलची ट्यूब गुंडाळून वरून पाण्याच्या पाइपचा क्लॅम्प आवळलेला. चाके स्लिपरच्या रबरातून कापलेली. एकावर छापलेले अर्धे अक्षर तसेच!

मी विचारले, "चाकाचा मध्य शाफ्टशी किती जुळतो, मोजलंस?"

"नाई. फिरते ना."

केदार हसला. तिच्या बाजूने.

मंगळवार, १० जानेवारी

"फिरते ना." माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत मी हे उत्तर दिले असते, तर बरीच वर्षे वाचली असती.

रविवार, १५ जानेवारी

सरावाची लढत. माझी शलाका विरुद्ध म्हैस.

लिहिणे भाग आहे, म्हणून लिहिते. शलाकाच्या मोटरी मी अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यात बसवल्या आहेत. दोन्ही शाफ्ट एका रेषेत, फरक मिलिमीटरच्या दोन शतांशांहून कमी. तिसऱ्या धडकेत डावा शाफ्ट वाकला आणि मोटर धरणारे दोन स्क्रू मुळापासून तुटले. म्हैस एक गिरकी घेऊन पुन्हा अंगावर आली. स्लिपरच्या चाकांवर!

केदार मोडलेली मोटर हातात घेऊन म्हणाला, "सगळा धक्का तुझ्या शाफ्टनेच खाल्ला. तिचं चाक दबतं, ट्यूब दबते, बोर्ड दबतो. तुझं काहीच दबत नाही, श्यामला."

तो रोबोविषयी बोलत होता, असे मी धरून चालते.

मैना वाकून ठोकळ्यावरून बोट फिरवत होती. "काय काम हाय ताई! आरशावानी." तिला खरोखरच आवडला होता. चेष्टा केली असती, तर मला सोपे गेले असते.

गुरुवार, १९ जानेवारी

कंपनीतून लवकर निघाले. जर्मन ग्राहकाशी ठरलेली बैठक रद्द झाल्याचे निमित्त मिळाले. लक्ष्मी रोडवरून स्लिपरचा एक जोड आणला आणि दार लावून चाके कापायला बसले. सहा कापली. सहाही अंडाकृती. शाफ्टवर चढवली की लंगडतात.

आई चहा घेऊन आत आली. "नव्या कोऱ्या स्लिपरा कापतेयस? बरी आहेस ना गं?"

ती मुलगी हेच काम साध्या कटरने, कंपासाशिवाय, पाळी सुटल्यावर करते. माझ्याकडे आकडे आहेत. तिच्याकडे हात आहे. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडले, तिसऱ्यांदा राहू दिले.

तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून दिले. केदारला सांगण्याचा प्रश्नच नाही.

रविवार, २९ जानेवारी

शलाकाचा नवा शाफ्ट बसवला. मोटरींच्या मागच्या टोकाला आधारही दिला. तो दिल्यावर लक्षात आले की मैनाचा क्लॅम्प नेमके तेच काम करतो.

केदार तारा बांधता बांधता म्हणाला, "मैना विचारत होती, पुढच्या वर्षी म्हशीचा रिमोट मी धरेन का. तिला चालवायला तितकंसं जमत नाही."

"मग? तू काय सांगितलंस?"

"स्पर्धा होऊ दे. मग बघू."

बघू! सहा वर्षांनंतर — बघू!

आता शलाका जिंकली पाहिजे. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

शनिवार, ४ फेब्रुवारी

लोणी काळभोरला, कॉलेजच्या मांडवात वजने झाली. शलाका दोन किलो नऊशे एक्याण्णव. म्हैस साठ ग्रॅम जास्त भरली. मैनाला अर्ध्या तासाची मुदत मिळाली. तिने जमिनीवर फतकल मारून कुणाकडून तरी मागून आणलेल्या रंध्याने मोटरींखालचा बोर्ड तासला. वजन बसले. टाळ्या वाजल्या. केदारच्याही.

मग ती म्हैस घेऊन माझ्याकडे आली. "ताई, एकडाव पाहून घ्या ना. तुमच्या नजरेतून काई सुटत नाई म्हनते केदारदादा."

मी टॉर्च लावला. पाहिले.

बोर्ड दहा मिलिमीटरचा होता, आता आठ उरला आहे. त्यातून खालून वर जाणारे मोटरींचे स्क्रू मात्र जुनेच — बारा मिलिमीटर. म्हणजे पूर्वी मोटरीच्या गिअरबॉक्समध्ये दोन मिलिमीटर शिरत होते, आता चार. पलीकडे अर्ध्या मिलिमीटरवर गिअरचे दात. आज काही होणार नाही, मोटर फिरेल. पण हा बोर्ड मऊ आहे. धडका बसल्या की स्क्रूची डोकी त्यात रुततात, स्क्रू ढिले पडतात, आणि दोन लढतींच्या मध्ये सगळेच ते पुन्हा आवळतात. प्रत्येक आवळणीत टोक आणखी आत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या लढतीत ते दातांत अडकणार.

मी टॉर्च बंद केला. म्हैस तिच्या हातात दिली. काहीही बोलले नाही.

मी खोटे बोललेले नाही, हे नमूद करते. प्रतिस्पर्ध्याची चूक दाखवावी, असा नियमही नाही. मी नियमपुस्तिका पाहिली.

रविवार, ५ फेब्रुवारी

शलाका जिंकली.

अंतिम लढत म्हशीशीच. मैना लढतीपूर्वी स्क्रू आवळताना मला समोर दिसत होती — जीभ दातांत धरून, मनापासून. विसाव्या सेकंदाला म्हशीचे उजवे चाक थांबले. ती जागच्या जागी गोल फिरू लागली आणि शलाकाचे पाते तिच्यावर चालतच राहिले. पांढऱ्या बोर्डाचा चुरा सगळ्या आखाड्यात उडाला.

"म्हैस खाली बसली!" कोणीतरी ओरडले. हशा.

केदारने रिमोट ठेवला आणि माझे अभिनंदन करण्याआधी तो जाळीपलीकडे तुकडे वेचायला गेला.

सोमवार, ६ फेब्रुवारी

करंडक आईने टीव्हीवर ठेवला आहे. मी तो उचलून कपाटात ठेवला.

बुधवार, ८ फेब्रुवारी

शेडमध्ये तिघे. केदारने उजव्या मोटरीचा गिअरबॉक्स उघडला: तीन दात गायब, स्क्रूचे टोक चकाकणारे.

"शनिवारी तू पाहिली होतीस ना म्हैस?" त्याने विचारले.

"वरवर," मी म्हणाले. "गर्दी होती. स्क्रूंकडे लक्ष गेलं नाही."

मैना घाईने म्हणाली, "माहीच चूक हाय, दादा. ताई काई बोलल्या नाई, मले वाटलं पास झालं सगळं. मंग मी पुन्हा पाह्यलंच नाई."

केदारने गिअरबॉक्स खाली ठेवला. "बोर्ड तर उरलाच नाही. किती तासलास गं?"

"मोजलं नाई."

"एखादा मिलिमीटर असेल," तो म्हणाला.

"दोन," मी म्हणाले.