खडकावरची माती

रास तनुरा, शुक्रवार संध्याकाळ

इथं आखातात, आमच्या तेलाच्या प्लँटमधला आयरिश फोरमन शॉन आज जेवायला आला होता. माझ्या लेकीनं, सईनं, त्याला सतराव्या शतकातल्या आयर्लंडच्या बंडाबद्दल विचारलं.

तो म्हणाला, "ते मोडायला इंग्रज फौजेनं उभी पिकं जाळली."

उभी पिकं! माझा घास हातातच राहिला. त्याच्या पूर्वजांना पश्चिमेच्या खडकाळ किनाऱ्यावर हाकललं म्हणे.

"मग अंकल, ते जगले कसे?"

"वाळू आणि समुद्रातलं शेवाळ पसरून त्यांनी खडकावर माती केली. आम्ही अजून तिथं बटाटे लावतो."

उभी पिकं जळाल्यावरही माणसं पुन्हा पेरतात? आणि मी गुहागरची आमची कातळाची जमीन निरुपयोगी म्हणून विकायला निघालो होतो! आत्ताच भावाला फोन केला. "दादा, सही करू नकोस. मी कायमचा परत येतोय."

तो म्हणाला, "ये. माती धरायला बांध घालायला घेतो."