साठच्या वेगाला थरथरणाऱ्या गाडीची निरवानिरव

प्रथम तक्रार. मृत्युपत्र लिहिणाऱ्या माणसाला पंखा लावू देत नाहीत, हे आधी कुणी सांगत नाही. कागद उडतात म्हणून पंखा बंद केला आहे. बरं, कागदावर ठेवायला म्हणून काही मागावं, तर वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात एक वजन सापडू नये? सगळी दुकानात आहेत. शेवटी सौभाग्यवतींनी इस्त्री आणून ठेवली. ती गरम होती. पहिला कागद गेला. हा दुसरा आहे.

तर मी, वजनकाटे दुरुस्त करणारा, वय बावन्न, राहणार याच घरात, असं लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. या विधानाला स्वयंपाकघरातून हरकत आली आहे. "ठिकाणावर असती तर ती गाडी दारात असती का?" हरकत नोंदवून घेतली. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही, असंही लिहायची पद्धत आहे. ते लिहीत नाही. दबाव आहे.

दबावाचं कारण असं. आमची लेक जनावरांची डॉक्टर झाली आहे आणि उद्या तिला डोंगरातल्या एका दवाखान्यात रुजू व्हायचं आहे. तिथवर बस जात नाही. दारातली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन जाते, असं ती म्हणते. ही गाडी डोंगर चढते, चिखलातून निघते, ओढा पार करते. फक्त सपाट डांबरी रस्त्यावर साठच्या वेगाला तिला काहीतरी होतं. एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला, की स्टिअरिंग असं थरथरायला लागतं की हात धरले आहेत की हातांना धरलं आहे तेच कळत नाही. थांबेपर्यंत थांबत नाही. थांबल्यावर काही झालंच नव्हतं असा चेहरा करून उभी राहते.

सौभाग्यवतींचा निकाल सकाळीच लागला: "आज तुम्ही स्वतः ती साठवर चालवून दाखवा. थरथरली, तर पोरगी जाणार नाही. आणि चालवायच्या आधी मृत्युपत्र लिहा." लेक म्हणाली, "आई, नोकरी जाईल माझी." "नोकरी दुसरी मिळते," असं उत्तर मिळालं. नवऱ्याबद्दल असं काही बोलल्याचं मी ऐकलं नाही.

कलम १. घर सौभाग्यवतींना. न्हाणीघराच्या दाराची कडी मी दुरुस्त करणार होतो. तो हक्कही त्यांनाच.

कलम २. बँकेत जे उरलं असेल ते लेकीला. काय उरलं आहे हे बघून माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नये. मी उधळा नव्हतो. बाकीचं सगळं गाडीच्या पोटात आहे. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडची टोकं बदलली, चाकांची बेअरिंगं बदलली, स्टिअरिंगचे हिसके गिळणारा डॅम्पर नवा बसवला. तो बसवल्यावर गाडी महिनाभर सुतासारखी सरळ चालली. मी पेढे वाटणार, एवढ्यात पुन्हा थरथरली. ताप असलेल्याला पांघरूण घालावं तसं ते झालं होतं. थरथर दिसेनाशी झाली, ताप तिथेच.

कलम ३. माझे बारीक स्क्रू-ड्रायव्हर शेजारच्या दंतवैद्यांना. ते तसेही त्यांच्याकडेच असतात. ते हत्यार नक्की कुठे वापरतात, हे विचारायचं धाडस मला आजवर झालं नाही आणि आता दातांचं काम त्यांच्याकडे करायची इच्छाही नाही.

कलम ४. गाडी. ती वडिलांची. त्यांनी ती आम्हा दोघा भावांना अर्धी अर्धी दिली. पुढची अर्धी कुणाची, मागची कुणाची, हे सांगितलं नाही, त्यामुळे थरथर कुणाच्या हिश्शात येते हा प्रश्न उभा राहिला. थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं, टायरचं दुकान आहे. गाडीचे टायर त्याच्याच दुकानातले. मी एका बारशाला, पंचवीस माणसांत, "टायरच गोल नसतील तर गाडी काय करणार?" एवढंच म्हणालो. तेही बाळाकडे बघून. दादाने हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "टायर गोल आहेत. स्टिअरिंग धरणारे हात बघा." त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. गाडी मात्र दोघेही तपासतो. तो आला की मी आत जातो. तो तिच्याखाली शिरून पाना फिरवतो, सगळं घट्ट आहे बघतो आणि जातो. मग मी शिरतो, तेच नट आवळतो आणि येतो. गाडीचे नट जितक्या वेळा आवळले गेले, तितकं आमच्या घरात दुसरं काहीच आवळलं गेलेलं नाही.

दादाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याला माझ्या इस्टेटीतून माझ्या हिश्शाचा वापरलेला डॅम्पर द्यावा.

कलम ५. हे कलम मध्येच तोडावं लागलं, कारण दादा आला. अर्धी गाडी त्याची असल्याने ती लेकीच्या नावावर करायला त्याची संमती हवी, म्हणून सौभाग्यवतींनी त्याला फोन केला होता. तो दारातच उभा राहिला आणि लेकीला म्हणाला, "सांग तुझ्या बापाला, आधी हात दाखवून घे म्हणावं. टायर गोल आहेत."

"बाबा, काका म्हणतात..."

"ऐकलं. त्यांना म्हणावं, पृथ्वीही गोलच आहे. तीही डुगडुगते."

"हे बघ, ह्याच्यापुढे मी..." दादा.

"भाऊजी, चहा घेणार की भांडणावरच भागवणार?" सौभाग्यवती.

"चहा चालेल. अर्धा."

"अर्धाच देणार होते. सगळंच अर्धं आहे तुमच्या घराण्यात."

तेव्हा लेक उठली. गाडीची किल्ली तिने टेबलावर आपटली, इस्त्री हलली. "उद्या मला गाईच्या पोटात हात घालायचाय, तुमच्या भांडणात नाही. लंगडणारं जनावर कसं बघतात माहितीये? एकानं चालवायचं, दुसऱ्यानं पाय बघायचे. उभ्या जनावराचे पाय दाबून काय कळणार? तुम्ही दोघं इतकी वर्षं एकेकटेच खाली जाताय. तेव्हा वर स्टिअरिंग कोण फिरवत होतं?"

कुणीच नाही. 

दादाने लगेच ड्रायव्हरची सीट पकडली. थोरलेपणाचा एवढाच उपयोग त्याने जन्मभर केला आहे. मी चाकांना विटा लावल्या आणि पाठीवर झोपून खाली शिरलो. इंजिन चालू, आणि ज्या माणसाच्या टायरला मी भर बारशात नावं ठेवली तो माझ्या डोक्यावर. अशा वेळी मृत्युपत्र अर्धंच लिहून झालं आहे, हे फार स्पष्ट आठवतं.

"बाबांना विचार, फिरवू का?" वरून.

"काका, मी चहा आणायला चाललेय. तुमचं तुम्ही बोला."

वर सीट दोनदा करकरली.

"...फिरवू का रे?"

"फिरव. जरासंच. डावी, उजवी."

टाय रॉड बघितला, गप्प. बेअरिंगं गप्प. मग पुढच्या ॲक्सलला चॅसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, बांधून ठेवणारा आडवा दांडा असतो, ॲक्सल डावी-उजवीकडे पळू नये म्हणून, त्याच्या टोकाकडे नजर गेली. स्टिअरिंग फिरलं की दांडा आधी स्वतः सूतभर सरकत होता, टक्, आणि मगच ॲक्सल हलत होता. बोल्ट घट्ट होता. आम्हीच आवळला होता, आलटून पालटून. पण भोकापेक्षा बारीक होता. पान्याने कितीही विचारलं तरी तो "घट्ट आहे" एवढंच सांगणार.

"दादा! थांब! पुन्हा फिरव! अरे हा नाचतोय!"

"कोण नाचतोय?"

"बोल्ट! ये, बघ!"

"मी आलो तर फिरवणार कोण, शहाण्या?"

बोल्ट काढून मी बाहेर सरकलो. खालून बाहेर येणाऱ्याचं डोकं चॅसीच्या कडेला हमखास आपटतं, म्हणून वर असलेल्याने त्या कडेवर तळहात ठेवायचा, अशी वडिलांच्या वेळची रीत. माझं डोकं कसल्या तरी मऊ वस्तूवर आपटलं. बघतो तर सीटवरून उतरून आलेल्या दादाचा हात. त्याने तो झाडला आणि बोल्टकडे बघायला लागला.

"हा गाडीचा नाहीच," तो म्हणाला. "हा पलंगाचा आहे."

खरंच होता. आमच्या लहानपणच्या पलंगाचा, चौकोनी डोक्याचा. वडिलांना कुठलीही वस्तू विकत आणणं म्हणजे स्वतःचा पराभव वाटे. दादाच्या घरी तो पलंग अजून आहे, आणि पाहुण्याने कूस बदलली की तोही डुगडुगतो. दादाने त्यासाठी सुतार बदलले आहेत, गाद्या बदलल्या आहेत, दोन पाहुणे कायमचे बदलले आहेत.

म्हणून कलम ५ असं: सदर बोल्ट पलंगासकट दादाच्या मालकीचा. डॅम्परबद्दलचं वाक्य रद्द.

कलम ६. तोच बोल्ट तात्पुरता घालून गाडी वीसच्या वेगाने कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. भोक झिजून लांबट झालं होतं. त्याने दोन्ही बाजूंना जाड वायसर वेल्ड केले, मापाचा बोल्ट बसवला आणि "मी पहिल्यापासून म्हणत होतो," म्हणाला. तो पहिल्यापासून डॅम्पर म्हणत होता. त्याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही.

मग चाचणी. मी चालवणार, पण सौभाग्यवती शेजारी येऊन बसल्या. लेक मागे बसली, तिच्या बाजूला दादा. साक्षीला बोलावलेले दंतवैद्य फाटकातून ओरडले, "अहो, सगळे वारस एकाच गाडीत? मग मागे राहिलं कोण?"

"तुम्ही!" लेक म्हणाली.

त्यांचा चेहरा उजळला, हे मी आरशात पाहिलं.

चाळीस. पन्नास. सौभाग्यवतींनी डोळे मिटून माझी बाही धरली. साठ. पुलाचा सांधा आला, चाकं त्यावरून गेली, धाड्, आणि मी वाट बघत बसलो. काही झालं नाही. स्टिअरिंग हातात तसंच पडून राहिलं. इतकी वर्षं ज्याच्याशी झुंजलो ते असं निमूट बसलेलं पाहून मला क्षणभर चुकल्यासारखं झालं.

"पासष्ट कर," मागून दादा म्हणाला.

सौभाग्यवतींनी डोळे उघडले. पूल मागे गेला होता. त्या लेकीला म्हणाल्या, "पोचलीस की फोन कर. आणि मधे मधे पण."

कलम ७. गाडीतला माझा अर्धा हिस्सा मेल्यानंतर नव्हे, आजच लेकीला. दादाने आपला अर्धा दिला आहे, आणि वर एक जादा टायर. गोल आहे. मी स्वतः तपासला.

हे सगळं झाल्यावर आता मृत्युपत्र कशाला, असं मी म्हणून पाहिलं. "लिहिलंय तर सही करा. गाडीचं झालं, तुमचं अजून व्हायचंय," असा आदेश आहे.

सही करण्याआधी एक काम उरलं होतं. नवा बोल्ट गाडी चालवून आल्यावर पुन्हा आवळायचा असतो. या खेपेला दादा खाली गेला. तो बाहेर सरकायला लागला तेव्हा मी चॅसीच्या कडेवर उजवा तळहात ठेवला. दादाचं डोकं माझ्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. तो कपडे झटकत उठला आणि राहिलेला अर्धा चहा मागायला आत गेला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. दाखवणाऱ्या सौभाग्यवती होत्या, त्यामुळे काही शब्द वाढले असल्यास ते त्यांचे.

साक्षीदार पहिले: शेजारचे दंतवैद्य (सही, किंचित नाराज).
साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा मिस्त्री (सही, "पहिल्यापासून म्हणत होतो" हे शब्द खोडले आहेत).

स्थळ: घरासमोर, गाडीच्या बॉनेटवर, कारण इथे वारा आहे.
दिनांक: लेक जाण्याचा आदला दिवस.

लिहून ठेवणार: वजनकाटेवाला. सही डाव्या हाताने केली आहे, ती खरी मानावी. उजवा सुजला आहे.